नागपुरात कोणत्या कंपनीची रेंज चांगली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदनवनमध्ये माझं मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं छोटं दुकान आहे. काउंटरवर रोज येणारे प्रश्न आणि मी त्यांना देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी कोणत्याही कंपनीचा माणूस नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन आयडिया) आणि बीएसएनएल या चारही कंपन्यांची सिम विकतो आणि चारही कंपन्यांवर चिडलेले लोक माझ्याचकडे येतात.

सगळ्यात चांगलं नेटवर्क कोणतं? एका शब्दात सांगा ना भाऊ.

एका शब्दात सांगितलं तर तुमचं नुकसान होईल. टेलिकॉमसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. नागपूर 'महाराष्ट्र आणि गोवा' या सर्कलमध्ये येतं. मुंबईचं सर्कल वेगळं आहे. म्हणजे सर्कलचा सरासरी आकडा काढताना आपलं इतवारी, कोल्हापूरचा रंकाळा आणि पणजीचा किनारा एकाच पातेल्यात पडतात. त्या आकड्यावरून तुमच्या मानेवाड्याच्या स्वयंपाकघरात फोन लागेल की नाही, हे कळणार नाही.

म्हणून मी ग्राहकाला उलट प्रश्न विचारतो. तुमचे दिवसाचे बारा तास कुठे जातात? फोन लागलाच पाहिजे अशी जागा कोणती? राहायला बेसा, नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत आणि आई काटोलजवळच्या गावात, असा माणूस असेल तर त्याच्यासाठी 'नागपूरचं चांगलं नेटवर्क' नावाची वस्तूच नाही. त्याच्यासाठी तीन जागा आहेत आणि तिन्ही जागांची उत्तरं वेगळी असू शकतात.

मग जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्यात फरक तरी काय?

फरक आहे आणि तो जाहिरातीत सांगत नाहीत. मुख्य फरक लहरींचा आहे, म्हणजे फोन आणि टॉवर ज्यांवरून बोलतात त्यांचा. त्या मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कमी मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. जास्त मेगाहर्ट्झची लहर वेग देते, पण लवकर दमते. जिओकडे ८५० मेगाहर्ट्झ आहे, शिवाय ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही आहे. व्हीआयकडे ९०० आहे, एअरटेलकडेही एक हजाराच्या खालच्या लहरी आहेत, आणि बीएसएनएलने नव्या ४जीसाठी ७०० आणि २१०० घेतल्या आहेत. याखेरीज सगळ्यांकडे १८००, २१००, २३०० अशा वरच्या लहरी कमीजास्त आहेत. तुमच्या गल्लीत नेमकी कोणती लहर पोहोचते, ते जवळच्या टॉवरवर त्या कंपनीने काय बसवलंय यावर ठरतं.

दुसरा फरक जुन्या नेटवर्कचा. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेच ४जी घेऊन. त्यांच्याकडे २जी नाही, ३जी नाही. जिओचा कॉल ४जी किंवा ५जीवरूनच जातो. ४जी गेलं की कॉलही गेला. एअरटेलने ३जी बंद केलं, पण २जी ठेवलं. व्हीआय आणि बीएसएनएलकडेही २जी आहे. बटणाचा जुना फोन वापरणाऱ्या आजोबांना जिओचं सिम देऊन चालत नाही ते यामुळेच. साधा २जी फोन जिओला ओळखतच नाही.

बीएसएनएलबद्दल वेगळं सांगतो, कारण गेल्या काही काळात त्याचीच चौकशी जास्त होते. देशात बनवलेल्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या त्यांच्या ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं. रिचार्ज स्वस्त म्हणून लोक तिकडे वळतात आणि मला ते पटतं. पण आधी फोन तपासा. ७०० मेगाहर्ट्झची लहर काही जुन्या ४जी फोनांना पकडता येत नाही. टॉवर समोर दिसतो, सिमही ४जीचं असतं आणि फोन मात्र २जीवरच रेंगाळतो. बिचारा ग्राहक कंपनीला शिव्या देतो, दोष फोनचा असतो.

काड्या पूर्ण आहेत, तरी नेट चालत नाही. असं कसं?

काड्या म्हणजे माप नव्हे. कोणत्या ताकदीला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच टेबलावर दोन फोन, एकाच कंपनीची दोन सिम, आणि एकात चार काड्या तर दुसऱ्यात दोन, हे मी रोज पाहतो.

खरं माप डीबीएममध्ये असतं, ते सिग्नलची ताकद मोजायचं एकक आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, अबाउट फोनमध्ये जा आणि तिथे सिम स्टेटस पाहा. उणे चिन्हासह एक आकडा दिसेल. ४जीवर उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० च्या पलीकडे आवाज तुटायला लागतो, आणि उणे १२० म्हणजे फोन नुसता टॉवर शोधत बसलाय, बॅटरी त्यातच जाते. उणे आकडा आहे, त्यामुळे १२० हा ८० पेक्षा वाईट, एवढं लक्षात असू द्या.

आकडा चांगला असूनही नेट रडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे किंवा टॉवरच्या मागची फायबर, म्हणजे नेट आणणारी केबल, अडकली आहे. रेंज म्हणजे रस्ता. रस्ता रुंद आहे, पण संध्याकाळी सातला सीताबर्डीच्या मेन रोडवर गाडी चालवून पाहा, पोहोचायला किती वेळ लागतो ते. रात्री आठ ते अकरा या वेळात मोहल्ल्यातले सगळे व्हिडिओ पाहतात. त्या वेळी वेग घसरला आणि पहाटे सुधारला, तर कारण गर्दीच आहे. सिम तेच ठेवून नवा फोन घेतला तरी हे दुखणं जात नाही.

बाहेर अंगणात रेंज येते, घरात काहून येत नाही?

घर कशाचं आहे ते सांगा. महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड. नव्या फ्लॅट स्कीममध्ये काँक्रीट आणि त्यातली लोखंडी जाळी. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांवर टीनाचं शेड. मिहानमधल्या ऑफिसांना उष्णता अडवणारी काच, आणि धातूचा थर दिलेली असली काच लहरीही अडवते. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ऊन अडवायचे जे जे उपाय आपण करतो, त्यातले बरेच रेंजही अडवतात.

ही गोष्ट मला माझ्या घरात कळली. वडील मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती होते. आई महालातल्या घरी मागच्या खोलीत झोपली होती. भाऊ तिकडून रात्री फोन लावत होता आणि त्याला पुन्हा पुन्हा 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येत होतं. आईच्या फोनवर दोन काड्या होत्या. सकाळी ती अंगणात आली तेव्हा एकदम सात मिस्ड कॉलचे मेसेज येऊन पडले. वडील सुखरूप घरी आले, पण ती रात्र आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून मी खोलीगणिक रेंज मोजतो, आणि ग्राहकालाही मोजायला लावतो.

त्यावर आमचा उपाय वायफाय कॉलिंग हा ठरला. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल घरच्या वायफायवरून जातो, समोरच्याला नंबर तुमचाच दिसतो, वेगळं अॅप लागत नाही, वेगळे पैसेही नाहीत. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ही सोय असते आणि ती बंद असते. मला याचं फार वाईट वाटतं. अनेकांना कंपनी बदलायची गरजच नसते, एक बटण दाबायची असते. मात्र लाईट गेली की राउटर बंद पडतो आणि वायफाय कॉलिंगही, म्हणून राउटरला छोटा बॅकअप लावून घ्या.

रेंज वाढवणारा बूस्टर लावून द्या ना, ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

नाही लावणार. परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणं बेकायदेशीर आहे, आणि तुमच्या बूस्टरमुळे आजूबाजूच्या पन्नास घरांची रेंज बिघडू शकते.

कंपनीच्या नकाशावर विश्वास ठेवायचा का?

सुरुवात तिथून करा, निर्णय तिथे घेऊ नका. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले. त्यानुसार प्रत्येक कंपनीला २जी, ४जी, ५जी कुठे कुठे आहे याचा नकाशा आपल्या वेबसाइटवर दाखवावा लागतो. त्यात तुमचा मोहल्ला रंगलेला नसेल, तर त्या कंपनीचा विचार तिथेच सोडा. रंगलेला असेल तर एवढंच समजा की उघड्यावर रेंज असायला हवी. तुमची मागची खोली नकाशात नसते.

दूरसंचार विभागाचं तरंग संचार हे पोर्टलही उपयोगी आहे. आपल्या भागात कोणत्या कंपनीचे टॉवर कुठे आहेत ते तिथे दिसतं. ट्राय शहरांमध्ये गाडी फिरवून चाचण्या घेते आणि निकाल जाहीर करते, तेही वाचा. पण ती गाडी रस्त्यावरून जाते, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही.

कंपनी बदलायच्या आधी तपासायचं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो फार कमी लोक विचारतात.

नंबर लगेच पोर्ट करू नका, म्हणजे तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाऊ नका. ज्या कंपनीत जायचंय तिचं नवीन, छोट्या मुदतीचं प्रीपेड सिम घ्या आणि फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. आता आठवडाभर दोन्ही सिम एकाच फोनमध्ये, एकाच जागी, एकाच वेळी मोजता येतात. फोन तोच असल्यामुळे तुलना खरी होते. शेजाऱ्याचा फोन मागून पाहिलेली रेंज खरी मानू नका, त्याच्या फोनचा अँटेना वेगळा असतो.

एक कागद घ्या. त्यावर जागा लिहा: झोपायची खोली, स्वयंपाकघर, लिफ्ट आणि पार्किंग, ऑफिसची खुर्ची, जायचा-यायचा रस्ता. वर्धा रोडवरून रोज जात असाल तर उड्डाणपुलावरून आणि खालून असं दोन्ही पाहा. मेट्रोने जात असाल तर आपल्या दोन्ही मार्गिकांवर बोगदा नाही, त्यामुळे रेंज सहसा टिकते. पण कॉल चालू ठेवून प्रवास करा, कारण चालत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि कॉल नेमका तेव्हाच तुटतो. प्रत्येक जागी सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमाराला मोजा. डीबीएमचा आकडा लिहा, ट्रायच्या माय स्पीड अॅपवर वेग मोजा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं करा: कुणाला तरी तुम्हाला फोन करायला सांगा. आपण लावलेला कॉल जातो म्हणजे आलेला कॉलही मिळतो, असं नाही. आईच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

वेगाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. यूपीआयने भाजीवाल्याला पैसे द्यायला, व्हॉट्सअॅपवर बोलायला फार वेग लागत नाही. लागतो तो न तुटणारा वेग. एका सिमवर दिवसभर १५ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) स्थिर मिळतात, दुसऱ्यावर सकाळी २०० आणि रात्री २, तर मी पहिलं सिम घेईन.

५जी घेतलं की सगळं सुटेल का?

नागपूर या बाबतीत भाग्यवान ठरलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने देशातल्या ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं, त्यात आपलं नाव होतं. पण ५जीचा मोठा वेग ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर मिळतो, त्या भिंतीपुढे लवकर हरतात. घरात ५जीचं चिन्ह येतं-जातं, फोन तापतो, बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर घरी फोन ४जीवर ठेवून दोन दिवस पाहा. बऱ्याच वेळा कॉल सुधारतो.

शहराबाहेर गेलं की रेंज तुटते. त्यासाठी कोणतं सिम?

तालुक्याच्या गावात, म्हणजे काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, मौदा इथे गावठाणात अडचण कमी. अडचण गावाबाहेरच्या शेतात आणि जंगलाच्या पट्ट्यात. मनसरहून देवलापार, खवासाकडे पेंचच्या जंगलातून जाताना कॉल तुटतोच तुटतो. टॉवर दूर, मध्ये साग, आणि पावसाळ्यात सागाची रुंद ओली पानं लहरी पिऊन टाकतात. उमरेड-कऱ्हांडलाकडेही तोच अनुभव. खवासाजवळ हद्द ओलांडली की मध्य प्रदेशाचं सर्कल लागतं. पैसे वाढत नाहीत, पण काही फोनांत डेटा रोमिंग चालू केल्याशिवाय नेट येत नाही.

शेतावर जाणाऱ्यांना माझा सल्ला असा: गावातला किराणा दुकानदार आणि दूध संकलन केंद्रातला माणूस कोणतं सिम वापरतो ते विचारा. त्यांचा धंदा रेंजवर चालतो. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर शिवमडक्याला चढायच्या आधीच नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा: स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून पाहा. तिथे दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर तो कॉल तिच्यावरून जाऊ शकतो.

दीक्षाभूमीवर, जामठ्याच्या मॅचला फोन लागतच नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. तेवढी माणसं एकाच वेळी फोन लावतील असा टॉवर कुणीच उभारत नाही. तात्पुरते टॉवर लावले तरी ताण राहतोच. भेटायची जागा आणि वेळ घरूनच ठरवून निघा. लहान मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा, तो उशिरा का होईना पोहोचतो.

पाऊस आला, लाईट गेली की रेंज जाते. भरवशाचं कोणतं?

रेंज असणं वेगळं आणि भरवसा वेगळा. टॉवरला वीज लागते. लाईट गेली की बॅटरी, मग डिझेल जनरेटर. ज्या टॉवरची बॅटरी थकलेली, तो लवकर मान टाकतो. आणि टॉवरच्या मागे जमिनीतून फायबर असते. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांसाठी, पाइपलाइनसाठी किती खोदकाम चालतं ते सांगायला नको. जेसीबीचा एक दात लागला की मोहल्लाभर नेट बंद.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाकडचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा फोन चालू असणं म्हणजे काय हे या शहराने पाहिलं. त्यानंतर दुसरं सिम मागायला आलेल्यांना मी एकच गोष्ट समजावत होतो. दोन कंपन्यांची सिम म्हणजे दोन टॉवर असं समजू नका. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असतात. एअरटेल आणि व्हीआय बऱ्याच ठिकाणी इंडस टॉवर्स नावाच्या कंपनीच्या एकाच मनोऱ्यावर असतात. त्या मनोऱ्याची वीज गेली तर दोघं एकदम जातील. म्हणून दुसरं सिम निवडताना तरंग संचारवर पाहा आणि वेगळ्या मनोऱ्यावरची कंपनी घ्या. लाईट गेलेल्या दिवशी कोणतं सिम किती वेळ टिकलं, ते लिहून ठेवायची सवय लावा. हा आकडा कोणतीही कंपनी तुम्हाला देणार नाही.

दुसऱ्या सिमचं रिचार्ज परवडत नाही.

ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. दुसऱ्या सिमला डेटा लागत नसेल तर तोच पॅक मागा. दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही.

नंबर तोच ठेवून पोर्ट कसं करायचं?

इंग्रजीत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. आठ अक्षरी कोड येईल. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सर्कलच्या आत तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून येत असाल तर पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच हरवलेलं सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून मुदत संपत आली की अर्ज करा. बँकेचं मोठं काम त्या दिवसांत ठेवू नका.

आलेला कोड फोनवर कुणालाही सांगू नका, मग तो कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी.

तक्रार केली तर उपयोग होतो का?

नुसतं भांडून होत नाही, नंबर घेऊन केली तर होतो. १९८ वर फोन करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून घ्या. तोडगा पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे स्पष्ट केलं. तुमच्या तुलनेचा तो कागद, तारीख-वेळ-डीबीएम लिहिलेला, इथे पुरावा म्हणून कामी येतो.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांत आणखी एक हक्क आहे. संपूर्ण जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्यांना बिलात सूट आणि प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ द्यावी लागते. नैसर्गिक आपत्ती असेल तर हे लागू नाही.

आई-बाबा गावी एकटे असतात. त्यांना कोणतं सिम देऊ?

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा चार कंपन्यांपैकी निदान दोन सिम घेऊन जा. ते दुपारी कुठे पडतात आणि रात्री फोन कुठे ठेवतात, हे विचारा. फोन त्याच जागी, त्याच कोनाड्यात ठेवा, तुम्ही शेतावर जा आणि तिथून त्यांना फोन लावा. रात्री दहाला परत लावा. ज्या सिमवर घंटी पहिल्याच वेळी वाजते, ते मुख्य खाचेत ठेवा. दुसरं सिम काढू नका. आणि कोनाड्यातून फोन उचलून खिडकीत ठेवल्यावर आकडा सुधारत असेल, तर तिथे एक खिळा ठोकून फोनची पिशवी टांगून द्या.